बॅटरीलाही ऊन बाधते : संकरित वाहने आणि खानदेशचा उन्हाळा

‘हायब्रीड’ हा शब्द नंदुरबार जिल्ह्यातील शेतकऱ्यास नवा नाही. संकरित ज्वारी आणि संकरित कापूस यांच्या बियाण्यांबरोबर तो खेडोपाडी पोहोचला व बोलीभाषेत रुळला. दोन वाणांचे गुण एका रोपात आणावेत, हा त्या संकराचा हेतू होता. अलीकडे हाच शब्द वाहनांच्या संदर्भात कानी पडू लागला आहे. पेट्रोल अथवा डिझेलवर चालणारे इंजिन आणि बॅटरीवर चालणारी विद्युत मोटर या दोहोंचा संयोग ज्या वाहनात केलेला असतो, त्यास ‘हायब्रीड’ अथवा संकरित वाहन म्हणतात. मात्र कोणतेही वाण निवडताना ते आपल्या जमिनीस व हवामानास मानवेल काय, हा प्रश्न जाणता शेतकरी प्रथम विचारतो. संकरित वाहनाविषयीही हाच प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या दरम्यान असलेल्या रनाळे गावाचे उदाहरण घेऊ. चैत्र-वैशाखात या भागातील पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा आणखी १५ ते २० अंशांनी तापू शकते. माणूस अशा वेळी सावलीचा आश्रय घेतो, डोक्यास उपरणे गुंडाळतो, माठातील पाणी पितो. वाहनाच्या तळाशी अथवा आसनाखाली बंदिस्त असलेल्या बॅटरीला यांपैकी काहीच करता येत नाही. तिच्यासाठी ही सारी तजवीज वाहनाचा आराखडा तयार करणाऱ्या अभियंत्यांनी आधीच करून ठेवावी लागते. या तजविजीस बॅटरीचे उष्णता-नियोजन असे म्हणता येईल. संकरित वाहनाची इंधन बचत, बॅटरीचे आयुष्य आणि प्रवाशांची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी या नियोजनावर अवलंबून असतात.

लहान बॅटरी, मोठा भार

संकरित वाहनाची कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच इंजिन व विद्युत मोटर यांचा मेळ घालणारी गाडी तयार केली होती. मोठ्या प्रमाणावर निर्मिती झालेली पहिली संकरित मोटार म्हणजे टोयोटा कंपनीची ‘प्रियस’. ती १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये विक्रीस आली. तिच्या २००३ च्या आवृत्तीत निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे १६८ घट एकापुढे एक जोडलेले होते आणि त्यांचा एकूण विद्युतदाब २०१.६ व्होल्ट होता. पुढे अनेक वाहनांत लिथियम-आयन घटांचा वापर सुरू झाला.

या वाहनाचे कार्य असे चालते. गाडी थांबलेल्या स्थितीतून निघताना किंवा चढण चढताना मोटर इंजिनास हातभार लावते. ब्रेक लावला असता तीच मोटर जनित्राचे काम करते. एरवी ब्रेकच्या घर्षणात वाया जाणारी शक्ती त्यामुळे विजेच्या रूपाने बॅटरीत साठविली जाते. थोडक्यात, बॅटरीतून वीज सतत आत-बाहेर होत राहते.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. संपूर्ण विजेवर चालणाऱ्या मोटारीची बॅटरी मोठी असते, तर संकरित मोटारीची पुष्कळच लहान असते. समजा, दोन्ही गाड्यांना काही क्षण ३० किलोवॉट शक्ती हवी आहे. ३० किलोवॉट-तास क्षमतेची मोठी बॅटरी ही शक्ती तासभर पुरवू शकेल. दीड किलोवॉट-तास क्षमतेची लहान बॅटरी मात्र याच दराने अवघ्या तीन मिनिटांत रिकामी होईल. मोठ्या बॅटरीत भार अनेक घटांवर वाटला जातो. लहान बॅटरीत तोच भार थोड्या घटांना सोसावा लागतो. दहा माणसांनी उचलावयाचे ओझे दोघांनी उचलल्यास त्यांना घाम फुटणारच. म्हणून संकरित वाहनाची बॅटरी आकाराने लहान असली, तरी तिच्या उष्णतेचा प्रश्न लहान नसतो.

उष्णता निर्माण होते कशी

वीज वाहून नेणाऱ्या प्रत्येक पदार्थाच्या अंगी थोडाबहुत रोध असतो. इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी १८४० च्या सुमारास दाखवून दिले, की रोधामुळे निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली, तर उष्णता चौपट होते. धारा तिप्पट झाली, तर उष्णता नऊपट होते. उदाहरणादाखल, २०० व्होल्टच्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.२ ओहम धरला आणि तिच्यातून ७५ अँपिअर धारा वाहिली, तर ११२५ वॉट इतकी उष्णता निर्माण होते. धारा १५० अँपिअर झाली, की हाच आकडा ४५०० वॉटवर जातो. दोन-तीन घरगुती विजेच्या शेगड्या एकदम पेटविल्यासारखेच हे आहे. एवढी मोठी धारा काही सेकंदच वाहते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब होय.

बॅटरीतील रासायनिक क्रियांना माणसाप्रमाणेच सुखकर तापमान लागते. लिथियम-आयन घटांसाठी ते साधारणपणे १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असते. शून्याखालील थंडीत घट भारित केल्यास लिथियम धातूचा थर आत जमून घटाची हानी होते. उन्हाळ्याच्या प्रदेशात याच्या उलट अडचण येते. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले, की रासायनिक क्रियांचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो. घटाची झीज करणाऱ्या अनिष्ट क्रियाही त्यास अपवाद नसतात. सतत तापणारी बॅटरी त्यामुळे अकाली म्हातारी होते. बॅटरी हा अशा वाहनाचा महागडा भाग असल्याने इंधनातून झालेली बचत ती बदलण्याच्या खर्चात बुडून जाण्याचा धोका असतो.

शिवाय बॅटरी फार तापली, की वाहनातील नियंत्रक यंत्रणा तिच्यावरील भार आपोआप कमी करते आणि इंजिनास अधिक काम करावयास लावते. गाडी चालू राहते, परंतु ज्या इंधन बचतीसाठी ती घेतली ती बचत घटते.

गंजीचा दाखला

याहून गंभीर धोका आगीचा आहे आणि तो समजण्यास शेतकऱ्याचा अनुभव पुरेसा आहे. ओलसर चारा दाबून रचला, तर गंजीच्या पोटात ऊब धरते. बाहेर पडण्यास वाट नसल्याने ती उष्णता साचते, साचलेल्या उष्णतेने आतील क्रिया आणखी वेगाने होतात आणि प्रसंगी बाहेरून ठिणगी न पडताही गंजी पेट घेते. लिथियम-आयन घटात असेच घडू शकते. साधारण ८० ते १२० अंशांच्या दरम्यान घटातील संरक्षक थर विघटित होऊ लागतो व स्वतःच उष्णता बाहेर टाकतो. १३० अंशांच्या सुमारास दोन अग्रांना वेगळे ठेवणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा वितळतो आणि घटाच्या आतच विजेचा जोड लागतो. त्यापुढे तापमान कोणाच्या ताब्यात राहत नाही आणि एका घटाची आग शेजारच्या घटास लागते.

उन्हाळ्यातील ४३ अंश हवा आणि हे ८० अंश यांत बरेच अंतर आहे. निव्वळ उन्हाने सुस्थितीतील बॅटरी पेटत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. सदोष घट, चुकीचा चार्जर, अपघातात बसलेला मार, आत शिरलेले पाणी अशी काही कारणे त्यास जोडली जातात. मात्र उष्णता बाहेर जाण्याची वाट नसेल, तर लहान दोषाचे रूपांतर मोठ्या दुर्घटनेत होण्यास वेळ लागत नाही.

नंदुरबारच्या परिसरात लाल मिरची वाळविण्यासाठी मोकळ्या मैदानात पथारीवर पातळ पसरली जाते. ढीग करून ठेवल्यास ती आतून तापते व सडते, हे व्यापारी व मजूर दोघेही जाणतात. बॅटरीतील घटांची मांडणी करतानाही अभियंत्यास हेच पाहावे लागते. घट विरळ मांडले, तर उष्णता सहज निघून जाते, पण जागा अधिक लागते. दाट मांडले, तर जागा वाचते, पण मधले घट तापतात. या दोहोंतील योग्य मध्य शोधणे हेच उष्णता-नियोजनाचे मुख्य काम आहे.

घाटाचे गणित

आता रनाळ्याहून शहादामार्गे तोरणमाळकडे निघालेली एक संकरित मोटार कल्पनेत आणू. सपाट रस्ता संपून घाट सुरू झाला, की मोटर वरचेवर इंजिनास साहाय्य करू लागते. परतीच्या उतारावर तीच मोटर वीज निर्माण करून बॅटरीत भरते. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा बॅटरीतून धारा वाहते आणि दोन्ही वेळा ती तापते.

बॅटरीचे वजन ४० किलोग्रॅम धरले, तर तिचे तापमान १ अंशाने वाढविण्यास सुमारे ४० किलोज्यूल उष्णता लागते. पूर्वी पाहिलेली ४५०० वॉट उष्णता १० सेकंद निर्माण झाली, तर ४५ किलोज्यूल होते, म्हणजे तापमान अवघे एका अंशाने चढते. बॅटरीचे वजनच असा क्षणिक धक्का पचविते. परंतु घाटात सरासरी ५०० वॉट उष्णता सलग दहा मिनिटे निर्माण होत राहिली, तर ३०० किलोज्यूल साचतात आणि ती बाहेर न काढल्यास तापमान साडेसात अंशांनी वाढते. यावरून अभियंता एक धडा घेतो. शीतन यंत्रणा क्षणिक भारासाठी मोठी करण्याची गरज नसते, ती दीर्घकाळच्या सरासरी भारास पुरेशी असावी लागते.

येथेच खानदेशच्या हवामानाचा प्रश्न पुढे येतो. २० अंश हवेच्या देशात साडेसात अंशांची वाढ झाली, तरी बॅटरी २७-२८ अंशांवर, म्हणजे सुखाच्या मर्यादेत राहते. ४३ अंशांच्या दुपारी निघालेल्या गाडीत तीच वाढ बॅटरीला ५० अंशांच्या वर नेते. गाडी तीच, घाट तितकाच आणि चालकही तोच असला, तरी परिणाम भिन्न होतो. थंड हवेसाठी केलेला आराखडा जसाच्या तसा येथे आणणे म्हणूनच पुरेसे ठरत नाही.

हवा की पाणी?

उष्णता बाहेर काढण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे पंख्याने घटांमधून हवा खेळविणे. ५०० वॉट उष्णता काढताना हवेचे तापमान १० अंशांनी वाढू दिले, तर दर सेकंदास सुमारे ४३ लिटर हवा लागते. हवा दुप्पट करावयाची झाल्यास पंख्यास लागणारी शक्ती जवळजवळ आठपट होते. केवळ मोठा पंखा बसवून प्रश्न सुटत नाही, कारण तो पंखाही त्याच बॅटरीची वीज खातो आणि आवाजही करतो.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. ४३ अंशांची हवा कोणत्याही बॅटरीस ४३ अंशांच्या खाली आणू शकत नाही. यामुळे अनेक संकरित मोटारींत बाहेरच्या हवेऐवजी प्रवासी कक्षातील, वातानुकूलित यंत्राने थंड झालेली हवा बॅटरीकडे नेली जाते. तिचे प्रवेशद्वार बहुधा मागील आसनाजवळ जाळीच्या रूपात असते. प्रवाशाच्या दृष्टीने ती एक क्षुल्लक जाळी होय. बॅटरीच्या दृष्टीने ते तिचे नाक आहे. त्या जाळीसमोर पिशवी, पोते अथवा गादी ठेवली, की बॅटरीचा श्वास कोंडतो. खानदेशातील धुळीने तिची गाळणी चोंदली, तरी तोच परिणाम होतो.

दुसरा मार्ग द्रवाचा. तीच ५०० वॉट उष्णता पाणी १० अंशांनी तापवून नेण्यास सेकंदाला केवळ १२ मिलिलिटर पाणी पुरते. कोठे ४३ लिटर हवा आणि कोठे १२ मिलिलिटर पाणी! प्रत्यक्षात पाण्यात ग्लायकोल मिसळून ते मिश्रण घटांना लागून असलेल्या धातूच्या पोकळ पट्ट्यांतून फिरविले जाते आणि कडक उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्राच्या साहाय्याने थंडही करता येते. मात्र यात पंप, नळ्या व सांधे आले. त्यांचे वजन, किंमत आणि गळतीची शक्यताही आली. लहान बॅटरीसाठी हा खर्च परवडेल काय, याचा हिशेब करावा लागतो.

तिसरा मार्ग मेणासारख्या पदार्थाचा. मेण वितळताना पुष्कळ उष्णता शोषून घेते व तोवर त्याचे तापमान फारसे वाढत नाही. परंतु ४० अंशांना वितळणारे मेण निवडले, तर रनाळ्याच्या उन्हात ते गाडी निघण्यापूर्वीच वितळून बसेल आणि घाटात त्याचा उपयोग होणार नाही. थंड प्रदेशात उत्तम ठरणारा पदार्थ येथे निकामी ठरतो. प्रत्येक उपायास स्थानिक हवामानाची कसोटी लावावी लागते, हेच यावरून दिसते.

सर्व घटांना समान वागणूक

बॅटरी सरासरीने थंड असून भागत नाही, तिचे सर्व घट सारखेच थंड असावे लागतात. हवेच्या मार्गातील पहिल्या घटास ताजी हवा मिळते आणि शेवटच्या घटापर्यंत ती तापलेली असते. मागचे घट मग लवकर झिजतात. घट एकापुढे एक जोडलेले असल्याने एक घट दुबळा झाला, की साऱ्या बॅटरीची क्षमता त्याच्याइतकी होते. नांगरास जुंपलेल्या जोडीतील एक बैल थकला, तर दुसऱ्याचे बळ कामी येत नाही, तशातला हा प्रकार आहे. घटांच्या तापमानांत ५ अंशांपेक्षा अधिक फरक पडू नये, असा अभियंत्यांचा सर्वसाधारण कटाक्ष असतो. त्यासाठी हवेचा मार्ग निमुळता करणे, घटांमधील अंतर जागोजागी बदलणे किंवा प्रवाहाची दिशा आलटून-पालटून उलट करणे, असे उपाय योजले जातात. पूर्वी अशी प्रत्येक मांडणी प्रत्यक्ष तयार करून पाहावी लागे. आता संगणकावर शेकडो मांडण्यांचे गणित करून त्यांतील मोजक्याच चाचणीसाठी निवडता येतात.

महाराष्ट्रातील वाटचाल

संकरित वाहनांचा महाराष्ट्राशी संबंध केवळ ग्राहक म्हणून नाही. पुण्यातील केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज यांनी २०१० मध्ये जुन्या मोटारींना संकरित रूप देणारी ‘रेव्होलो’ नावाची यंत्रणा सादर केली होती. २०१८ मध्ये टाटा मोटर्सने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास २५ संकरित बसगाड्या दिल्या. छत्रपती संभाजीनगर येथे विद्युत व संकरित वाहनांच्या कारखान्यासाठी टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला असून त्यात सुमारे २० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक अपेक्षित धरण्यात आली होती. राज्य परिवहन महामंडळाची संपूर्ण विजेवर चालणारी ‘शिवाई’ बस १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. याच मार्गावर १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली बस सुटली होती.

वाहनांच्या चाचण्या व मानके यांबाबत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचे कार्य मोलाचे आहे. २०२२ मध्ये देशात विद्युत दुचाकींना आगी लागण्याच्या अनेक घटना घडल्या. त्या वर्षी मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक स्कूटर पेटली. सप्टेंबरमध्ये वसई येथे घरात भारित होत असलेल्या बॅटरीच्या स्फोटात भाजून सात वर्षांच्या एका मुलाचा पुढे मृत्यू झाला. ही वाहने संकरित नव्हती, तथापि त्यांच्या बॅटऱ्यांतील उष्णतेचे शास्त्र एकच आहे. केंद्र शासनाने तज्ज्ञ समितीच्या शिफारशींवरून दुचाकी-तीनचाकींसाठी ‘एआयएस १५६’ व मोटारी-बसगाड्यांसाठी ‘एआयएस ०३८’ ही मानके अधिक कडक केली. त्यांची अंमलबजावणी १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ठरविण्यात आली. एका घटातील आग इतरांत पसरू नये, तापमानावर यंत्रणेची नजर असावी आणि धोक्याचा इशारा वेळेवर मिळावा, असा या सुधारणांचा रोख आहे.

गावपातळीवरील दक्षता

आराखडा कितीही उत्तम असला, तरी त्याचे फळ वापरणाऱ्याच्या हाती असते. संकरित वाहन वापरणाऱ्या कार्यालयांनी व नागरिकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. आसनाजवळील हवेची जाळी कधीही झाकू नये व तिची गाळणी धुळीच्या दिवसांत वरचेवर साफ करून घ्यावी. वाहन शक्यतो सावलीत उभे करावे. उन्हात तापलेली गाडी निघण्यापूर्वी दारे उघडून आतील गरम हवा बाहेर जाऊ द्यावी. नारिंगी आवरणाच्या तारांना कुशल कारागिराखेरीज कोणी हात लावू नये, कारण त्यांत प्राणघातक दाबाची वीज असते. पुराच्या पाण्यात बुडालेले किंवा अपघातात सापडलेले वाहन तपासणीवाचून सुरू करू नये.

ग्रामपंचायतींनी कचरा वाहतुकीसाठी अथवा अन्य कामांसाठी बॅटरीवरील वाहन खरेदी करताना केवळ किमतीवर दृष्टी ठेवू नये. किती अंश हवेपर्यंत बॅटरीची हमी आहे, शीतनाची कोणती व्यवस्था आहे, मानकांनुसार चाचणीचे प्रमाणपत्र आहे काय आणि दुरुस्ती जिल्ह्यात होऊ शकते काय, हे चार प्रश्न पुरवठादारास लेखी विचारावेत. भारण केंद्रास छप्पर व मोकळी हवा असावी. ते धान्याच्या कोठाराजवळ, चाऱ्याच्या गंजीजवळ किंवा ये-जा करण्याच्या एकमेव दारात नसावे. विद्युत दुचाकीची बॅटरी निजण्याच्या खोलीत रात्रभर भारित करू नये. निकामी बॅटऱ्या भंगारात न विकता २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे अधिकृत संकलनाकडेच सोपवाव्यात.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज दाखविता येईल. सारख्या आकाराच्या नऊ धातूच्या पेल्यांत सारखेच गरम पाणी भरावे. ते तीन-तीनच्या तीन ओळींत एकमेकांना चिकटवून ठेवावेत व अर्ध्या तासाने मधल्या आणि कडेच्या पेल्यांतील पाण्याचे तापमान मोजावे. मधला पेला अधिक गरम राहिलेला आढळेल. मग पेले दोन बोटे अंतरावर ठेवून तोच प्रयोग पुन्हा करावा. हा फरक ज्या विद्यार्थ्याने स्वतः मोजला, त्यास बॅटरीच्या उष्णता-नियोजनाचे मर्म समजले असे म्हणता येईल.

नवे वाण गावात आले, तेव्हा शेतकऱ्याने त्याला लागणारे पाणी, खत व मशागत समजून घेतली, म्हणूनच ते फळास आले. संकरित वाहनाचेही तसेच आहे. अभियंत्याने खानदेशचे ऊन ध्यानी घेऊन आराखडा करावा, खरेदी करणाऱ्याने त्याची खातरजमा करावी आणि वापरणाऱ्याने बॅटरीच्या श्वासाची वाट मोकळी ठेवावी. या तिघांनी आपापले काम चोख केले, तर ४३ अंशांच्या दुपारीही रनाळ्याची गाडी तोरणमाळचा घाट निर्धास्तपणे चढेल.